वंशावळ राहू द्या, देवीचा मानकरी कोण ते सांगा

काल्पनिक जगं रचणाऱ्या मराठी मंडळींत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: काल्पनिक देवी वाचकाला पटायची तर आधी उत्पत्तीची एकच पक्की कथा हवी, प्रत्येक देवीला एकच खातं हवं आणि प्रत्येक विधीमागचं कारण सांगितलेलं हवं. शेवटी एक टोमणा: हे मराठीत जमायचं नाही, आपल्याकडे खरे देव आहेत ना! मी पंचवटीत वाढले. मला यातलं काहीच पटत नाही.

एकच पक्की कथा? आमच्या गावाचंच बघा. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, असं एक जण सांगतो. नऊ शिखरांवर वसलेलं म्हणून नवशिख आणि त्याचं नाशिक, असं दुसरा. त्यात युगांची नावं वेगळी: कृतयुगात पद्मनगर, त्रेतात त्रिकंटक, द्वापरात जनस्थान, कलियुगात नाशिक. आता राम त्रेतायुगातला आणि रामायणात त्याचा वनवास जनस्थानात. मग ते नाव द्वापराच्या वाट्याला कसं आलं? रामकुंडावर या प्रश्नाने कुणाचा संकल्प अडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि हो, तिथे जाताना आम्ही ‘गोदावरीवर’ जात नाही, ‘गंगेवर’ जातो.

एका देवीला एक खातं, हे तर सरकारी मंत्रिमंडळ झालं. वणीच्या सप्तशृंगीचे 18 हात आहेत, त्यांत शस्त्रं आहेत, ती महिषासुरमर्दिनी आहे. पण तिची मान जराशी कलती आहे. का, तर समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ करायचे, तो ती कान देऊन ऐकते. युद्धाची देवी आणि ऐकणारी! माझ्या काल्पनिक देवीला मी तीन पानांची वंशावळ दिली होती, असा एक कान मात्र दिला नव्हता.

खरा घोळ तिसऱ्या मुद्द्यात आहे. रंगपंचमीची रहाड घ्या. पेशवेकाळापासूनचे हे हौद जुन्या नाशकात भर रस्त्याखाली आहेत. वर्षभर फळ्या-माती टाकून बुजवलेले, वरून रिक्षा-स्कूटरी जातात. सणाला ते उघडतात, पूजा होते, पानाफुलांचा उकळलेला रंग पडतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग अंग गोळा करून उडी मारायची, तो ‘धप्पा’. काठावरचा माणूस कोरडा राहिला तर धप्पा फुकट. लहानपणी मला कुणी याचं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण रहाडीचा मान कुणाच्या घराण्याचा, ते गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तसंच सप्तशृंगी गडाच्या कीर्तिध्वजाचं. शिखरावर जायला धड वाट नाही, तरी दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी रात्री चढून ध्वज लावून येतो. कारण कुणी विचारत नाही. यंदा ध्वज लागला का, एवढंच विचारतात.

टोमण्याला एकच उत्तर. खरे देव आहेत म्हणून तर आपल्याला विधी कसा दिसतो ते कळतं. मात्र खऱ्या देवीचं नाव बदलून तिला राक्षसीण करू नका. एवढ्यापुरता तो फॉरवर्ड बरोबर आहे.

आता माझं. रविवारी आम्ही सहा जण फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो, त्यातल्या नदीदेवीचं नाव निरई. पहिला पूर आला की तिथले नावाडी एकेक वल्हं चिखलात उभं पुरतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पाण्याला पाठ करून जेवतात. का, ते मी लिहिलंच नाही. गेल्या खेपेला एक म्हणाला, देवी बाळंत असते, बघायचं नसतं. दुसरी म्हणाली, छे, तिने बुडवलेल्यांचं ते सुतक आहे. मिसळीचा रस्सा गार झाला तरी दोघं भांडतच होते. मी दोन्ही वहीत उतरवून घेतलं.