प्रीमियम पेट्रोलने मायलेज वाढतं? त्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. साधं पेट्रोल इंजिन खराब करतं. प्रीमियम भरा, मायलेज वाढेल, घाटात ताकद येईल, इंजिन आतून साफ राहील, शिवाय त्यात इथेनॉल (उसापासून बनणारं, पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं अल्कोहोल) नसतं. आणि साधं-प्रीमियम एकत्र मिसळलं तर इंजिन बसतं. हे वाचून पोटाला चिमटा घेऊन गाडी चालवणारी माणसंही महागडं पेट्रोल भरू लागली आहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी मायलेज. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ऊर्जा सांगत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेलं पेट्रोल प्लगच्या ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधी आपोआप पेटलं की इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून ठकठक आवाज येतो. तसं न पेटण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. बीएस-६ या प्रदूषण मानकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ ठरवला होता, प्रीमियमचा बहुधा ९५ असतो. ९१ वर चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला ही जादा क्षमता वापरताच येत नाही. आता हिशेब करा. साधं शंभर रुपये आणि प्रीमियम एकशे आठ धरलं, तर १५ चं मायलेज १६.२ झालं तरच पैसे फिटतात. एवढी वाढ नुसत्या ऑक्टेनने अशा गाडीत मिळत नाही. एक-दोन रुपये वाचतात म्हणून कागलहून सीमा ओलांडून निपाणीकडे टाकी भरायला येणाऱ्यांनी तर हा हिशेब जरूर मांडावा.

घाटातली ताकद. टर्बो (हवा दाबून आत ढकलणाऱ्या) किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पेट्रोल-हवा जास्त दाबणाऱ्या इंजिनाबाबत यात तथ्य आहे. कणकुंबीवरून चोर्ला घाटात भरलेली गाडी नेताना अशा इंजिनावर ताण येतो आणि ते नॉक करू शकतं. नॉक ओळखणारा सेन्सर असेल तर ते टाळायला ठिणगी थोडी उशिरा पडते आणि ओढ कमी होते. कंपनीने पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणामागे किमान ९५ लिहिलं असेल, तर ९५ च भरा, तिथे कंजुषी नको. इतरांनी वेळेवर खालचा गिअर टाकावा.

इंजिन साफ राहण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते काम ऑक्टेनचं नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या रसायनांचं. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपेवरून) वाहतच नाही. तिथला कार्बन त्याने कसा धुतला जाणार?

आणि इथेनॉल. नुसतं प्रीमियम नाव आहे म्हणून ते इथेनॉलमुक्त ठरत नाही. ९५ च्या पेट्रोलमध्येही ते असतं. आपल्या चिकोडी-हुक्केरीच्या ऊसपट्ट्याला हे वेगळं सांगायला नको. इथेनॉलने ऑक्टेन उलट वाढतो. त्यात ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) मायलेज थोडं घटतं, ही तक्रार खरी आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजीही रास्त आहे. पण त्यावर इलाज मेकॅनिककडून नळ्या तपासून घेणं हा आहे, ९५ चं पेट्रोल नव्हे.

दोन्ही पेट्रोल मिसळली तर इंजिन बसतं, हे तर साफ खोटं. मिसळल्यावर मधला ऑक्टेन मिळतो, एवढंच. ९५ लागणाऱ्या गाडीला वाटेत साधंच मिळालं, तर गरजेपुरतं भरा, जोरात पळवू नका आणि पुढच्या पंपावर ९५ टाका.