कसबा ‘परत’ आला म्हणे!

दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरतो. थोडक्यात असा: ‘कसबा पेठ हा पहिल्यापासून भाजपचा अभेद्य गड. २०२३ च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर नावाचा कुणाला माहीत नसलेला माणूस निवडून आला, कारण टिळकांच्या घरात उमेदवारी न दिल्याने ब्राह्मण मतदार रुसला. २०२४ ला त्याच लोकांनी चूक सुधारली आणि धंगेकरांची मतं हवेत विरली.’ खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. माझं मत पुण्यातल्या या मतदारसंघात आहे, आणि यातल्या प्रत्येक वाक्यात कुठे ना कुठे खोट आहे.

आधी तो ‘पहिल्यापासून’ बघू. १९८० साली भाजपचे अरविंद लेले कसब्यातून निवडून आले, हे खरं. पण १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे आमदार झाले. १९९० ला अण्णा जोशींनी जागा परत आणली, ते १९९१ मध्ये लोकसभेवर गेले आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत पुन्हा काँग्रेस! निवडून आले वसंत थोरात, आणि पडले कोण? गिरीश बापट. तेच बापट, ज्यांचं नाव घेतल्याशिवाय कसब्याचा ‘गड’ हा शब्दही कुणी उच्चारत नाही. बापटांची सलग पाच टर्मची मालिका सुरू होते १९९५ पासून, म्हणजे तो पराभव पचवल्यावर. २०१९ ला ते खासदार झाले, मग भाजपच्याच मुक्ता टिळक आमदार झाल्या. त्यांच्या निधनामुळे २०२३ ची पोटनिवडणूक लागली. १९९५ ते २०२३ हा काळ मोठा आहेच. पण तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, ‘पहिल्यापासून’ नाही.

आणि त्या अठ्ठावीस वर्षांतही तटबंदीला भेगा होत्या. २००९ ची निवडणूक आठवा. बापटांना ५५ हजारांच्या जरा आत मतं पडली. समोर मनसेचा उमेदवार आणि काँग्रेसचे रोहित टिळक, दोघांनाही प्रत्येकी ४६ हजारांच्या वर. बापट आठेक हजारांनी वाचले ते तिरंगी लढतीमुळे. दोघांची बेरीज त्यांच्या दीडपटीहून जास्त भरते. आता सगळी मनसेची मतं काँग्रेसला गेली असती असं मी म्हणणार नाही, राजकारणात बेरीज अशी होत नाही. पण ज्या गडावर दोन शत्रू एकमेकांशी भांडताहेत म्हणून किल्लेदार टिकतो, त्याला अभेद्य म्हणायला जरा धाडसच लागतं.

तो मनसेचा उमेदवार कोण होता? रवींद्र धंगेकर. इथेच ‘कुणाला माहीत नसलेला’ हा मुद्दा संपतो, पण चंद्रकांतदादा पाटलांच्या ‘हू इज धंगेकर’ या एका वाक्याने तो इतका गाजला की थोडं लिहितो. शिवसेना, मनसे, मग काँग्रेसच्या पाठिंब्यावर, असे पक्ष बदलत हा माणूस महापालिकेत वर्षानुवर्षं नगरसेवक होता. २०१४ ला पुन्हा विधानसभा लढवून तिसरा आला. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजपची लाट असताना त्यांनी भाजपच्याच गणेश बिडकरांना पाडलं. रविवार पेठेत बोहरी आळीपासून फडके हौदापर्यंत कुणालाही विचारा, स्कूटरवरून फिरणारा धंगेकर माहीत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. ज्यांना माहीत नव्हता ते पेठांबाहेरचे. पक्षाच्या मोठ्या नेत्याने आपल्या उमेदवाराच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याबद्दल असं विचारावं, याला पुण्यात काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. निकालानंतर ‘धिस इज धंगेकर’चे फलक लागले, तेही आपल्याकडच्या रिवाजाला धरूनच.

आता ब्राह्मण मतदार रुसला, ही थिअरी. यात तथ्य शून्य आहे असं मी म्हणत नाही. २०१९ ला कोथरूडमध्ये भाजपने आपल्याच ब्राह्मण आमदार मेधा कुलकर्णींचं तिकीट कापलं होतं, त्यात २०२३ ला कसब्यात टिळकांना डावललं, तेव्हा नाराजीचे फलक लागले होते, आमच्या चौकातही त्याच गप्पा होत्या. पण ही नाराजी घेऊन उभे राहिलेले आनंद दवे रिंगणात होते ना? त्यांना मतं पडली तीनशेच्या आसपास. ‘नोटा’ला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पडली. म्हणजे रुसलेल्याला रुसवा दाखवायची सोय होती, ती फारशी कुणी वापरली नाही. घरात बसून रुसले असतील, हे मान्य. पण मग २०२४ चं काय करायचं? भाजपचे उमेदवार तेच, पोटनिवडणुकीत पडलेले हेमंत रासने, तिकीट तेव्हाही टिळकांच्या घरात नाही, आणि मतं ९० हजार ४६! मधल्या काळात मेधाताई राज्यसभेवर गेल्या, त्याने काहींचा राग निवळला असेल. पण त्याने तब्बल २७ हजारांची वाढ होत नाही.

शिवाय कसबा म्हणजे सदाशिव-नारायण-शनिवार एवढंच धरून चालणाऱ्यांनी एकदा तांबट आळीतून चालत रविवार पेठेत यावं. पेठ ओलांडली की भाषा, दुकानं, मंडळं सगळं बदलतं.

मग २०२३ ला झालं तरी काय? माझ्या मते मुख्य गोष्ट अगदी कंटाळवाणी आहे: मतविभागणी थांबली. २०१९ ला मुक्ता टिळकांना ७५ हजार ४९२ मतं होती. काँग्रेसच्या अरविंद शिंदेंना ४७ हजारांच्या वर, सेनेच्या बंडखोराला तेरा-चौदा हजार, मनसेला आठ हजारांच्या वर. विरोधातली ही तिन्ही मिळून सत्तर हजारांच्या जवळ जातात. २०२३ ला महाविकास आघाडीचा एकच उमेदवार, काँग्रेसच्या बंडखोराची समजूत काढून अर्ज मागे घ्यायला लावलेला, मनसे मैदानात नाही. धंगेकरांना ७३ हजारांच्या वर मतं पडली. आकाशातून काही पडलं नव्हतं, विखुरलेलं गोळा झालं होतं. तिकडे भाजपचा आकडा ७५ वरून ६२ हजारांवर आला. भाजप गाफील राहिला असंही नाही. आजारी बापटांना नाकात ऑक्सिजनची नळी असताना केसरीवाड्यातल्या मेळाव्याला आणलं होतं. तो प्रसंग त्यांच्याच कार्यकर्त्यांनाही रुचला नव्हता. दीडेक महिन्याने बापट गेले.

सगळ्यात चुकीचं वाक्य शेवटचं आहे. ‘धंगेकरांची मतं विरली.’ २०२४ च्या विधानसभेला त्यांना ७० हजार ६२३ मतं आहेत. पोटनिवडणुकीपेक्षा अडीच-तीन हजार कमी, बस्स. एवढ्या मतांत १९९५ नंतरच्या काही निवडणुका आरामात जिंकता आल्या असत्या. ते १९ हजार ४२३ मतांनी हरले, कारण समोरचा आकडा फुगला.

तो कसा फुगला, हे आमच्या वाड्यावरून सांगतो. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा सात बिऱ्हाडांपैकी पाच कोथरूड, धायरी, सिंहगड रस्त्याला गेली. मतदार यादीत नावं मात्र अजून इथेच. पोटनिवडणुकीला, २६ फेब्रुवारीच्या रविवारी, त्यातलं कुणी फिरकलं नाही. निम्म्या मतदारसंघाने मतदान केलं, निम्मा घरी. २० नोव्हेंबर २०२४ ला तीच मंडळी गाड्या काढून आली, शाळेच्या बूथवर जुने शेजारी भेटले, मग चहा झाला. कसब्यात पोटनिवडणुकीपेक्षा तीस हजारांच्या आसपास जास्त मतं पडली आणि रासनेंची वाढही त्याच घरातली. यंत्र काही कोण कुठून आलं ते सांगत नाही, त्यामुळे शपथेवर बोलता येणार नाही. पण ‘त्याच लोकांनी चूक सुधारली’ यापेक्षा ‘मागच्या वेळी न आलेले या वेळी आले’ हे आकड्यांत जास्त बसतं. त्याच वर्षी लोकसभेला भाजपचे मुरलीधर मोहोळ धंगेकरांविरुद्ध १ लाख २३ हजारांनी जिंकले, तेव्हा कसब्यातूनही आघाडी मोहोळांनाच होती. म्हणजे वारं विधानसभेच्या आधीच कळलं होतं.

याच मजकुराची दुसऱ्या बाजूची आवृत्तीही फिरायची, ‘काँग्रेसच्या निष्ठावंताने गड सर केला’ अशी. मार्च २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले, तेव्हापासून ती कुणी पाठवत नाही.

आणि ग्रुपवरच्या ज्या मित्राने हा मजकूर यंदा टाकला त्याला, बाबा रे, एक साम्य तुझ्या नजरेतून सुटलं. कसब्यात पोटनिवडणूक हरून पुढची सार्वत्रिक निवडणूक जिंकणारे रासने पहिले नाहीत. बापटांचं तेच झालं होतं. तुझ्याच पक्षाच्या कामाचा मुद्दा होता, फुकट घालवलास.