खांडववन जाळलं तेव्हा इंद्रप्रस्थ बांधून झालं होतं

गेल्या रविवारी सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. खाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं, ‘विचार करण्यासारखं आहे.’ तोच मेसेज त्याआधी दोन दिवस माझ्या भाचीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरत होता. भाची सातवीत आहे. शाळेच्या कथाकथन स्पर्धेसाठी तिने खांडववनातल्या जरिता पक्षिणीची गोष्ट बसवली होती, आरशासमोर उभं राहून पंधरा दिवस तालीम केली होती. मेसेज फिरला, दोन-तीन पालकांनी फोन केले आणि बाईंनी तिला सांगितलं, ‘ही नको, काहीतरी सकारात्मक घे.’ पोरगी दप्तर न काढताच पलंगावर पडून रडली.

मेसेज ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी त्यातलं थोडक्यात सांगते. माणसाच्या हावेपायी निसर्गाचा नाश होतो अशा गोष्टी गेल्या पन्नास वर्षांत परदेशातून आल्या, आपल्या जुन्या वाङ्मयात असलं काही नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा, खांडववन जाळलं म्हणून इंद्रप्रस्थ उभं राहिलं, म्हणजे जंगल हटवल्याशिवाय प्रगती नाही हे पूर्वजांनाही ठाऊक होतं. तिसरा, पर्यावरणवाले मिरवतात ते रेड इंडियन सरदाराचं पत्र बनावट आहे. चौथा, जंगल तोडतो तो गरीब, सरपणासाठी. हावरा राजा फक्त गोष्टीत असतो. आणि शेवटचा, अशा गोष्टी ऐकून मुलं खचतात. सगळ्यात खाली ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ लिहून हात जोडल्याचं चित्र. ज्या मजकुराने वन जाळण्याचं समर्थन केलं, त्याच्याच पायाशी तुकोबांना आणून बसवलेलं पाहून माझा संताप झाला.

पत्राबद्दलचा मुद्दा खरा आहे. ‘आकाश कसं विकत घेता येईल?’ असं विचारणारं जे पत्र सिएटल नावाच्या सरदाराच्या नावावर फलकांवर लिहिलं जातं, ते त्याचं नाही. टेड पेरी नावाच्या पटकथालेखकाने १९७१ च्या सुमारास एका माहितीपटासाठी तो मजकूर लिहिला. सिएटलच्या खऱ्या भाषणाचा म्हणून जो मजकूर आहे, तोसुद्धा भाषणानंतर तीसेक वर्षांनी, १८८७ साली छापला गेला. तेव्हा ते पत्र बाजूला ठेवा, माझी हरकत नाही. पण एक पत्र खोटं निघालं म्हणून जगभरच्या सगळ्या गोष्टी खोट्या, हे कुठलं तर्कशास्त्र?

आता खांडववन. मेसेज पहिल्या मुद्द्यात म्हणतो, आपल्याकडे अशी गोष्टच नाही. आणि दुसऱ्याच मुद्द्यात खांडववनाचं नाव घेतो. बरं, घेतलं तर घेतलं, निदान महाभारताचं आदिपर्व उघडून तरी बघायचं. तिथला क्रम असा आहे. धृतराष्ट्र पांडवांना खांडवप्रस्थ देतो. तिथे नगर वसतं. खंदक, तट, वेशी, बागा, तळी यांचं भरघोस वर्णन येतं. मग अर्जुन घराबाहेर पडतो, तीर्थं फिरतो, सुभद्रेला घेऊन परत येतो, अभिमन्यू जन्मतो, द्रौपदीला पाच मुलगे होतात. हे सगळं होऊन गेल्यावर, उन्हाळा फार झाला म्हणून अर्जुन आणि कृष्ण सगळ्या गोतावळ्यासह यमुनेवर जलविहाराला जातात, आणि तिथे अग्नी ब्राह्मणाच्या रूपात येऊन खायला मागतो. खांडवदाह येतो तो आदिपर्वाच्या अगदी शेवटी. म्हणजे वन पेटलं तेव्हा इंद्रप्रस्थ बांधून, सजवून, त्यात पोरंबाळं खेळायला लागलेली होती. डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून जाळलं, असं मूळ गोष्ट कुठेच म्हणत नाही.

मग का जाळलं? कथेत उत्तर आहे, अग्नीची भूक. काही पाठांत त्यामागे श्वेतकी राजाची कथा जोडलेली आहे: त्याच्या बारा वर्षांच्या यज्ञात तूप पिऊन पिऊन अग्नीला अजीर्ण झालं आणि उतारा म्हणून त्याला वन हवं होतं. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या लेखात हा पडदा बाजूला सारला. त्यांनी त्यात जमीन ताब्यात घेण्याचा हेतू पाहिला, आणि त्यासाठी वनातला जीवन् जीव मारण्यातलं क्रौर्य त्यांनी लपवलं नाही. बाई परंपरेच्या शत्रू होत्या असं म्हणायची कुणाची छाती आहे? पंढरीच्या वारीत चाललेली बाई ती.

आणि मूळ वर्णन? ते वाचून कुणी याला प्रगतीची कथा म्हणत असेल तर मला त्या माणसाशी बोलायचं नाही. वनाच्या दोन बाजूंना दोन रथ, मधून पळायला जागा नाही. तळ्यांचं पाणी उकळू लागतं आणि त्यात कासवं, मासे मरतात. कुणाचा एक पाय जळलेला, कुणाचे डोळे फुटलेले. जे पक्षी वर उडतात त्यांना अर्जुन बाणांनी तोडून पुन्हा आगीत पाडतो. आणि कित्येक जीव पिलांना, आईबापांना, भावंडांना मिठी मारून बसतात. सोडवत नाही म्हणून तिथेच जळतात. हे कुण्या परदेशी संस्थेने लिहिलेलं नाही. ज्यांनी अर्जुनाला नायक केलं, त्यांनीच हेही लिहून ठेवलं.

याच आगीत माझ्या भाचीची जरिता आहे. चार पिलं, अजून पंख न फुटलेली. बाप मंदपाल दुसरीबरोबर, लपितेबरोबर, निघून गेलेला. आग जवळ येते तशी जरिता पिलांना म्हणते, झाडाखाली उंदराचं बीळ आहे, त्यात शिरा, मी वरून माती लोटते. पिलं म्हणतात, नको. आम्ही नुसते मांसाचे गोळे, उंदीर आम्हाला खाईल. उंदराच्या तोंडी जाण्यापेक्षा आगीत गेलेलं बरं. आणि मग आईला म्हणतात, तू जा. तुला पंख आहेत, तू तरुण आहेस, तुला आणखी पिलं होतील. भाची ही ओळ म्हणताना हात मागे घ्यायची, पंख नाहीत हे दाखवायला. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ही पिलं वाचतात, पण अख्ख्या वनातून वाचणारे एकूण सहा: ही चार पिलं, मय नावाचा असुर शिल्पी आणि तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन.

पुढचंही गोष्ट विसरत नाही. तक्षक त्या दिवशी घरी नव्हता, कुरुक्षेत्रात होता. त्याची बायको पोराला गिळून वर उडाली आणि अर्जुनाच्या बाणाने मेली. तो वाचलेला पोर, अश्वसेन, कर्णपर्वात कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाचा जीव घ्यायला येतो. मय जीव वाचवल्याच्या बदल्यात सभा बांधून देतो. त्याच सभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो आणि जळफळत घरी जातो, तो द्यूताचा डाव मनात घेऊनच. अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला, शाप शृंगी ऋषीचा, पण चावायला येतो तक्षक. त्याचा सूड म्हणून परीक्षिताचा मुलगा जनमेजय सर्पसत्र, म्हणजे सापांना आगीत होमणारा यज्ञ, मांडतो, आणि त्या सत्रात, पुन्हा एका आगीसमोर, वैशंपायन महाभारत सांगतो. एका वनाच्या राखेतून निघालेला धागा इतका लांब जातो. महाभारत अर्जुनाला दोषी ठरवून मोकळं होत नाही हे मला मान्य. पण ते हिशेबही बंद करत नाही.

‘आपल्याकडे असलं काही नाही’ या मुद्द्यावर बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांतली एकच पुरे, व्याघ्र जातक. रानात सिंह आणि वाघ राहतात. त्यांनी टाकलेल्या शिकारीची दुर्गंधी येते म्हणून एक वृक्षदेवता वैतागते आणि शहाण्या देवतेचं न ऐकता त्यांना भिववून हाकलून लावते. आसपासच्या माणसांना रानात वाघाची पावलं दिसेनाशी होतात. मग ती कुऱ्हाडी घेऊन येतात, एक बाजू तोडतात, मग दुसरी, आणि सगळ्याची शेतं करून टाकतात. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला हेच ऐकवतो: वाघाविना वन राहत नाही, वनाविना वाघ राहत नाही. सोन्याच्या पिसांच्या हंसाची जातककथाही आहेच. बाई हावेने सगळी पिसं एकदम ओरबाडते आणि नंतर उगवतात ती साधी पांढरी.

आणि परदेशाचं म्हणाल तर तिथेही ही पन्नास वर्षांची गोष्ट नाही. मेसोपोटेमियातल्या प्राचीन काव्यातला राजा गिल्गमेश नाव कमवायला देवदारांच्या अरण्यात जातो, राखणदार हुंबाबाला मारतो आणि मित्र एन्किडूबरोबर झाडं पाडतो. या काव्याची एक मातीची पाटी इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयाने २०११ मध्ये मिळवली आणि २०१४ मध्ये फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. तीत आधी कुठे न सापडलेल्या ओळी निघाल्या: अरण्यात पक्षी, रातकिडे, माकडं यांचा गजर चाललेला आहे, आणि तोड झाल्यावर एन्किडू म्हणतो की आपण अरण्याचं उजाड रान केलं, आता निप्पुर नगरात एन्लिल देवापुढे काय सांगायचं? मूळ काव्य तीन हजार वर्षांहून जुनं आहे. झाड पाडल्यावर मनाला लागणारी टोचणी एवढी जुनी आहे.

‘जंगल तोडतो तो गरीब’ हे वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, घातक आहे. ते ऐकून वाढलेलं मूल उद्या डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बाईकडे चोर म्हणून बघेल. राजाला लाकूड लागतं आणि राजाच्या लाकडाने रयत नागवली जाते, हे आपल्याकडच्या राजकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांचा राज्यकारभारावरचा ग्रंथ, आज्ञापत्र, काढून बघा. आरमाराला लाकूड हवं, आंबा-फणस कामाचे आहेत हे मान्य करून ते बजावतात की त्यांना हात लावू देऊ नका, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि तोडली तर ‘त्यांचे दुःखास पारावार काय?’ पुढे तर असं म्हटलंय की एकाला दुःख देऊन केलेलं कार्य ते करणाऱ्यासकट थोड्याच काळात बुडून जातं. आरमार उभं करणाऱ्या स्वराज्याचा अमात्य हे लिहितो. त्याला प्रगती कळत नव्हती का?

जिथे राजाने हे ऐकलं नाही तिथलं उदाहरणही आहे. १७३० साली जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांच्या नव्या महालासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या, म्हणून माणसं खेजडली गावात खेजडीची झाडं तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि कुऱ्हाडीखाली गेली. तिच्यामागून एकूण ३६३ माणसं गेली. यात हावरा कोण आणि गरीब कोण हे मला समजावून सांगा. इंग्रजांनी रेल्वेच्या स्लीपरसाठी डोंगरच्या डोंगर तोडले आणि १८७८ च्या वनकायद्याने गावकऱ्यांच्या वहिवाटी काढून घेतल्या. तोही गरीबाचा उद्योग नव्हे.

राहिलं मुलं खचण्याचं. माझी भाची जरितेच्या गोष्टीने खचली नव्हती. ती खचली ती गोष्ट काढून घेतली तेव्हा. तालमीच्या दिवसांत तिने मला एकच प्रश्न विचारला होता, ‘मावशी, तक्षक तर घरी नव्हता, मग त्याच्या बायकोला का मारलं?’ मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो आणि मग तिने ती जागा आणखी सावकाश म्हणायला सुरुवात केली.

अण्णा, हे तुमच्यासाठीही आहे. जरितेची गोष्ट मला तुम्हीच सांगितली होती. पावसाळ्यात दिवे गेले होते, तुम्ही कंदिलाची काच पुसत होतात आणि पिलं ‘तू जा’ म्हणतात तिथे तुमचा आवाज बसला होता. मी तेव्हा भाचीपेक्षाही लहान होते. आदिपर्वाचा खंड तुमच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर आहे, लाल कापडी बांधणीचा. खांडवदाह शेवटच्या पानांत सापडेल. शनिवारी स्पर्धा आहे आणि बाईंशी मी पुन्हा बोलणार आहे. तुम्ही बरोबर याल का?