‘सात दिवस इंजेक्शन नाही तर टाके पिकणारच’: हा मेसेज पुढे पाठवू नका

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय: ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून घरीच अँटिबायोटिक सुरू करा. नंतर किमान सात दिवस इंजेक्शनं मागून घ्या, नाहीतर टाके पिकणारच. एकाच डोसवर भागवणारं हॉस्पिटल पैसे वाचवतंय. औषध जितकं ‘हायर’ तितकं चांगलं. आणि जागा घरीच ब्लेडने साफ करून जा. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे, असले मेसेज एरवी पुसून टाकते. पण हा निफाडला माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं मेडिकलमधून सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आणून दोन गोळ्या घेतल्यासुद्धा. म्हणून लिहितेय.

सुरुवात त्या गोळ्यांपासूनच करते, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. जखमेत जंतू शिरतात ते चीर दिल्यापासून टाके घालेपर्यंत, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच कातडीवरचे असतात. तेवढ्या वेळात औषध रक्तात आणि कापलेल्या जागी भरपूर असायला हवं. ऑपरेशनआधी आम्ही नेहमी देतो त्या सेफाझोलिन या अँटिबायोटिकचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. मग आदल्या दिवशीच्या डोसाचं चीर देताना काय उरणार? त्यात सेफिक्झिम कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस या जंतूवर फारशी चालतच नाही. वर ती शेड्युल एच-वनमधली, म्हणजे सरकारने विक्रीवर जास्त कडक नियम लावलेल्या औषधांच्या यादीतली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि १ मार्च २०१४ पासून प्रत्येक विक्रीची दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची असते. आत्याला कुणी चिठ्ठी विचारली नाही, वही तर लांबच.

वेळेचं महत्त्व काही माझ्या मनाचं नाही. १९९२ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीर देण्याच्या आधीच्या दोन तासांत डोस मिळाला त्यांच्यात जखमेचा संसर्ग ०.६ टक्के. दोन ते चोवीस तास आधी मिळाला त्यांच्यात ३.८ टक्के. चीर देऊन तीन तास उलटल्यावर मिळाला त्यांच्यात ३.३ टक्के. आकडे पुन्हा वाचा: फार लवकर दिलेला डोस उशिरा दिलेल्याइतकाच वाया गेला. आत्याला मी द्राक्षबागेचं उदाहरण दिलं. डावणी या बुरशीच्या रोगाचं औषध पाऊस यायच्या बेतात मारतात, पाऊस होऊन गेल्यावर एम-४५ या बुरशीनाशकाचे कितीही हात मारले तरी आत शिरलेली बुरशी निघत नाही. तिला लगेच पटलं.

आता सात दिवसांचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय: संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर चालू ठेवू नका. म्हणजे एकाच डोसवर थांबणारे डॉक्टर पैसे वाचवत नाहीत, ते नियमाने वागतायत. उलट जादा दिवसांची किंमत रुग्णच मोजतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ७९ हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये आली. औषध जितकं लांबलं तितका मूत्रपिंडाला इजा होण्याचा आणि सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचा धोका वाढला. जखमेचे संसर्ग मात्र कमी झाले नाहीत. आणि मेसेज लिहिणारा म्हणतो, सात दिवस मागून घ्या!

‘हायर’बद्दल एवढंच: कातडीवरच्या जंतूंवर सेफाझोलिन उत्तम चालतं. जबर औषध उगाच वापरलं तर खऱ्या आजारात हाताशी काही उरत नाही. ब्लेडचं तर नावच नको. ब्लेडने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना घर मिळतं. केस काढायचेच असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशिनने, तेही आम्ही काढतो.

एका बाबतीत मेसेजमागची शंका अगदीच बिनबुडाची नाही, हे मान्य करते. डोस सगळीकडे वेळेवर पडतो असं नाही. सकाळी सातला वॉर्डात इंजेक्शन देऊन ठेवतात, आधीची केस लांबते आणि रुग्ण टेबलावर येतो बाराला. तेव्हा तो डोस झाला असं धरायचं नाही. म्हणून इंजेक्शन वॉर्डात नको, ओटीत भूल देतानाच द्यायचं, वेळ पांढऱ्या फळ्यावर लिहायची, आणि चीर देण्याआधी सगळे थांबतात तेव्हा मोठ्याने विचारायचं: ‘अँटिबायोटिक किती वाजता?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनच्या चेकलिस्टमध्ये गेल्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं का, हा प्रश्न छापलेलाच आहे. ऑपरेशन चार तासांपलीकडे गेलं किंवा फार रक्त गेलं तर सेफाझोलिन पुन्हा द्यावं लागतं. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला असेल तर औषध काही दिवस चालतं, पण तो झालेल्या संसर्गावरचा उपचार असतो.

तेव्हा ऑपरेशनला जाताना गोळ्या घेऊन जाऊ नका. पेनिसिलिनची किंवा कुठल्याही इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधी सांगा, घरी काही घेतलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून जा. घरी आल्यावर महिनाभर टाक्यांवर लक्ष ठेवा, हर्नियाला जाळी बसवली असेल तर तीन महिने. लाली, सूज, ताप, पाणी किंवा पू दिसला तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा, म्हणजे गोळी सुरू होण्याआधी पू कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीला, जाईल आणि कोणतं औषध लागू पडतं ते कळेल.