‘ईव्ही म्हणजे नुसती धुराची बदली’? हिशेब मांडून पाहू

एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. विकसनशील देशात वीज कोळशाची, त्यामुळे ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी गाडी, घेतली तरी धूर तेवढाच. तो फक्त रस्त्यावरून औष्णिक केंद्राच्या चिमणीत जातो. वर बॅटरी बनवतानाच सगळी बचत संपते, गरीब देशांना हे परवडत नाही आणि ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यालाही झेपणार नाही. पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना पर्यावरणाची खरी काळजी असते, म्हणून आकड्यांनिशी उत्तर द्यायला हवं.

कोळशापासून सुरुवात करू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला 51 ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं यात धरलेलंच नाही. विजेच्या स्कूटरला सगळी गळती धरून किलोमीटरला साधारण 40 वॅट-तास लागतात. भारतात बहुतांश वीज कोळशाचीच, तरी युनिटमागे (म्हणजे 1,000 वॅट-तासांमागे) सरासरी उत्सर्जन सुमारे 0.7 किलो. म्हणजे किलोमीटरला 28 ग्रॅम. निव्वळ कोळशाची वीज घेतली, युनिटला एक किलो धरलं, तरी आकडा 40 वर थांबतो. छोटं पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, सिग्नलला उभं असतानाही इंधन जाळत राहतं. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढली की आज घेतलेली ईव्ही आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही.

एक गोष्ट मान्यच करतो. जड इलेक्ट्रिक एसयूव्ही निव्वळ कोळशाच्या विजेवर चालवली तर फायदा जवळजवळ उरत नाही. पण संदेश हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. विकसनशील देशांतली माणसं मुख्यतः दुचाकी, रिक्षा आणि बसने फिरतात. आणि वीज सगळीकडे कोळशाची असते असंही नाही: नेपाळ आणि इथिओपियात ती जवळपास सगळी पाण्यावर तयार होते. इथिओपियाने 2024 मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींची आयातच बंद केली.

बॅटरीचं काय? स्कूटरची बॅटरी साधारण 3 किलोवॅट-तासांची. ती बनवताना 300 किलो उत्सर्जन होतं असं सढळ हाताने धरू. किलोमीटरला 23 ग्रॅम (51 वजा 28) वाचत असतील, तर 13,000 किलोमीटरमध्ये ते फिटतं. रोज 100 किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला त्यासाठी साडेचार महिनेही लागत नाहीत.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच बॅटरीची. स्वस्त ई-रिक्षांमध्ये अजून शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. त्या खराब झाल्या की वस्तीतल्या एखाद्या शेडमध्ये हाताने फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात, शिसं उघड्या भट्टीत वितळवतात. ते शिसं आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतं आणि मेंदूची वाढ खुंटवतं. संदेशात यावर एक ओळही नाही. जुनी बॅटरी परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक करणं आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीकडे वळणं, ही मागणी लावून धरायला हवी. या बॅटरीत शिसं नाही, कोबाल्टही नाही.

‘गरीब देशांना परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी काठमांडू पाहावं. तिथे 1990च्या दशकातच विजेवरचे सफा टेम्पो, म्हणजे प्रवासी तीनचाकी, धावू लागले. त्यांपैकी अनेक बायका चालवतात. बॅटरी उतरली की चार्जिंग केंद्रावर भरलेली बसवायची आणि पुन्हा फेरीला निघायचं. 2015 मध्ये भारताच्या सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा नेपाळमध्ये पेट्रोलसाठी लांबच लांब रांगा लागल्या. सगळं इंधन बाहेरून आणणं किती महाग पडतं, ते तेव्हा कळलं. आता तिथे आयात होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक असतात.

ग्रिडची भीतीही फुगवलेली आहे. रोज 30 किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरला सव्वा युनिट पुरतं. दीड टनाचा एसी साधारण तासाभरात तेवढं खातो. बस डेपोंसाठी मात्र वेगळी जोडणी आणि चार्जिंगच्या वेळा आधीच ठरवाव्या लागतात.

सरकारी अनुदानाचा पैसा आधी दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या गाड्यांवर जावा: बस, रिक्षा, मालवाहू तीनचाकी. एसयूव्हीची पाळी शेवटी.