एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की काकूंचं रूट कॅनाल केलं, मग तीच दाढ काढली, पैसे घेतले, दुखणं तसंच राहिलं आणि शेवटी एमआरआयमध्ये ब्रेनस्टेमजवळ (मेंदूच्या तळाच्या देठाजवळ) एपिडर्मॉइडची गाठ निघाली. सगळं खरं आहे. काल काकूंशी फोनवर बोललो, त्यांना विचारूनच इथे लिहितोय.

ती दाढ काढायला नको होती. चूक माझी आहे.

काकू पहिल्या दिवसापासून 'सणक येते' म्हणत होत्या. मी केसपेपरवर 'ठणका' लिहिलं. किडलेली दाढ ठणकते, गरम चहानंतर बराच वेळ दुखत राहते, रात्री झोपू देत नाही. काकूंना ब्रश लागला, नुसता वारा लागला तरी विजेसारखी कळ यायची आणि काही सेकंदांत जायची. कुठे दुखतं विचारल्यावर त्यांनी बोट गालापासून दोन इंच लांबच धरलं, गालाला लावलं नाही. दाढदुखीचा माणूस गाल दाबून बसतो. हे समोर दिसत असताना मी एक्स-रेतल्या जुन्या फिलिंगखालच्या सावलीवर विसंबलो. रूट कॅनालनंतर कळ थांबेना, तेव्हा तरी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायला हवं होतं.

गाठ एक्स-रेत का दिसली नाही, असं तुम्ही विचारलंय. दातांच्या एक्स-रेत ती दिसूच शकत नाही. चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस ब्रेनस्टेमपासून निघते आणि तिचीच शाखा खालच्या दाढांपर्यंत येते, म्हणून दुखतं दाढेत. अशी कळ येणाऱ्या बहुतेकांमध्ये एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाबत असते, थोड्यांमध्ये अशी गाठ. गर्भात असतानाच आत अडकलेल्या त्वचेच्या पेशींपासून ती होते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. एमआरआयच्या साध्या चित्रांतही ती मेंदूभोवतीच्या पाण्यासारखी दिसते, डिफ्यूजन नावाच्या एमआरआयच्याच वेगळ्या प्रकारच्या चित्रात पांढरी उठून दिसते.

कुणीतरी 'कॅन्सर' म्हटल्यामुळे काकू घाबरल्या आहेत. एपिडर्मॉइड ही कॅन्सरची गाठ नव्हे, हे त्यांना तुम्हीही सांगा. कार्बामाझेपिन या नसेची कळ कमी करणाऱ्या गोळीनं बरं वाटतंय म्हणाल्या, पण त्या गोळीनं गाठ जात नाही. न्यूरोसर्जनची तारीख चुकवू नका आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

रूट कॅनाल आणि दाढ काढण्याचे पूर्ण पैसे परत करतोय. एक्स-रे आणि केसपेपरच्या प्रती काउंटरवर ठेवल्या आहेत. त्या जागी दात बसवायची घाई नको, आधी ऑपरेशनचं काय ते ठरू दे. नंतर बसवायचा झाला तर त्याचे पैसे घेणार नाही.