अ‍ॅपल वॉच अल्ट्रा: १०० मीटर म्हणजे १०० मीटर डाइव्ह नव्हे

"घड्याळावर १०० मीटर लिहिलंय, म्हणजे तेवढं खोल जाता येतं आणि पाण्यातही स्क्रीन बोटाने चालते," असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली तर जिवावर बेतणारी. २०२२ मध्ये आलेल्या या घड्याळाला स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्यासाठी, कंपनीनेच ४० मीटरची मर्यादा घातली आहे. १०० हा आकडा फक्त पाणीरोधकतेचा. टच स्क्रीनला बोट कळतं ते त्यातून वीज वाहू शकते म्हणून. खाऱ्या पाण्यातूनही ती वाहते, त्यामुळे बुडालेल्या स्क्रीनला बोट आणि पाणी वेगळं ओळखता येत नाही. म्हणूनच डाइव्हसाठीचं ओशनिक प्लस अ‍ॅप पाण्याखाली कडेचा क्राउन (फिरवायची गोल कळ) फिरवून आणि नारिंगी बटण दाबून वापरायचं असतं. सोबत वेगळा डेप्थ गेज (खोली मोजणारं उपकरण) मात्र ठेवाच.